पडद्यावरचा नरभक्षक, एसटी स्टँडवरचा ‘पागल’ : वाचकांचे प्रश्न

सिनेमातले अंगावर काटा आणणारे खलनायक, वेड आणि माणसाने माणूस खाणं या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, गावाऐवजी तालुका ठेवला आहे.

‘द सायलेन्स ऑफ द लँब्स’मधला नरभक्षक डॉक्टर हॅनिबल लेक्टर आणि ‘सायको’मधला खुनी नॉर्मन बेट्स यांना नेमका कोणता मानसिक आजार होता? यूट्यूबवर कुणी स्किझोफ्रेनिया सांगतं, कुणी सायकोपॅथ. अशी माणसं खरंच होऊन गेली का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, ता. वणी, जि. यवतमाळ

लेक्टरला स्किझोफ्रेनिया (भास आणि खोट्या संशयांचा आजार) नाही, एवढं ठामपणे सांगता येतं. त्याला भास होत नाहीत. कुणी आपल्या जेवणात काही कालवतंय असा संशय नाही. बोलण्याचा धागा तुटत नाही, समोरच्याच्या मनातलं तो क्षणात ओळखतो आणि बेत डोक्यात नीट मांडून ठेवतो. स्किझोफ्रेनियात सगळ्यात आधी नेमकं हेच मोडतं: झोप, बोलण्याचा क्रम, कामाचा क्रम, माणसं ओळखण्याची जाण. ज्याला सकाळी आंघोळीला उठवताना घरच्यांचा जीव मेटाकुटीला येतो, तो पोलिसांना महिनोन्‌महिने चकवणारा कट रचणार कसा?

‘सायकोपॅथ’ हे थोडं जवळचं, पण तेही पुरतं बसत नाही. रॉबर्ट हेअर या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाची तपासणी-यादी त्यासाठी वापरतात. तिच्यात २० मुद्दे असतात, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, एकूण ४०. संशोधनात साधारण ३० च्या वर गेलेल्याला सायकोपॅथ धरतात. यादीत गोड बोलणं, पश्चात्ताप नसणं, सराईत खोटं बोलणं हे आहेच. पण उतावीळपणा, कंटाळा सहन न होणं, लहानपणापासूनची बेशिस्त, दुसऱ्याच्या जिवावर जगणं हेही आहे. तुरुंगात भेटणारे असे लोक बहुधा किरकोळ लोभापायी आणि मूर्ख चुकांनी पकडलेले असतात. उंची दारू आणि अभिजात संगीताची जाण असलेला शांत डॉक्टर ही कादंबरीकाराची करामत. १९९१ च्या ‘द सायलेन्स ऑफ द लँब्स’मध्ये लेक्टर झालेला अँथनी हॉपकिन्स पडद्यावर फार थोडा वेळ दिसतो, तेवढ्यावर त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. मेक्सिकोतल्या तुरुंगात भेटलेल्या एका डॉक्टर-कैद्यावरून हे पात्र सुचल्याचं लेखक थॉमस हॅरिस यांनी २०१३ साली सांगितलं. तो खुनी होता, नरभक्षक नव्हता.

नॉर्मन बेट्स हे पात्र एड गीन या खऱ्या माणसावरून सुचलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात प्लेनफील्ड नावाचं खेडं आहे. तिथे १९५७ च्या नोव्हेंबरात त्याला पकडलं. दोन बायकांचे खून त्याने कबूल केले. घरात सापडलेली बाकीची हाडं-कातडी त्याने कबरी उकरून आणलेली होती. माणसाचं मांस खाल्ल्याचा पुरावा मात्र कधी मिळाला नाही, ती भर गावगप्पांची आणि पेपरवाल्यांची. गीन खरोखर आजारी होता. खटला समजण्याच्याही स्थितीत नसल्याने त्याला आधी इस्पितळात ठेवलं, १९६८ मध्ये खटला चालला, वेडाच्या कारणाने तो निर्दोष ठरला आणि १९८४ मध्ये मनोरुग्णालयातच वारला. सिनेमाने त्याच्यातून आईच्या आवाजात बोलणारा दुहेरी व्यक्तिमत्त्वाचा तरुण घडवला. दुहेरी व्यक्तिमत्त्वाच्या खऱ्या रुग्णांमध्ये बहुधा लहानपणचे भयंकर अत्याचार असतात, मधल्या वेळेची आठवण पुसली जाते, आणि इजा झालीच तर ती बहुतेक वेळा स्वतःलाच होते.

मी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करतो. यंदा ‘वेडा खुनी’ करायचा आहे. लोकांना भीतीही वाटली पाहिजे आणि खोटंही वाटू नये. काय करू, काय टाळू?
— कलावंत, वडसा (देसाईगंज), जि. गडचिरोली

आधी टाळायचं. डोळे गरागरा फिरवणं, गडगडाटी हसू, फाटके कपडे, आणि चुटकीसरशी माणूस बदलणं. हे इतकं झालंय की पहिल्या अंकात लोक घाबरतात आणि तिसऱ्यात हसतात.

आवाज ऐकू येणारा माणूस असा दिसतो: बोलता बोलता वाक्याच्या मधेच थांबतो. मान किंचित एका बाजूला. नजर समोरच्यावरून सरकून रिकाम्या जागेवर. ओठ हलतात, आवाज निघत नाही. मग पुटपुटून उत्तर देतो आणि राहिलेलं वाक्य भलतीकडूनच सुरू करतो. कानात कापसाचा बोळा किंवा बोटं. चेहऱ्यावर राग-लोभ फार दिसत नाही. सपाट चेहऱ्याने भयंकर गोष्ट सांगितली की पहिल्या रांगेपासून तंबूच्या टोकापर्यंत शांतता होते, ती आरडाओरड्याने होत नाही. चैत्राच्या उन्हात अंगावर दोन शर्ट आणि स्वेटर, हेही खऱ्या आयुष्यातलं आहे.

पात्र औषध घेत असेल तर चाल बदला. चालताना हात हलत नाहीत, पावलं आखूड पडतात, अंगठा आणि तर्जनी तंबाखू चोळल्यासारखी थरथरतात, पापण्या कमी लवतात. काही औषधांनी उलट होतं, पाय एका जागी ठरत नाहीत. उभा राहिला तरी या पायावरून त्या पायावर. हे वेडाचं लक्षण समजून लोक चुकतात. तो औषधाचा दुष्परिणाम आहे आणि तो कमी करता येतो.

आता कथेबद्दल. तुमचा खलनायक जमिनीसाठी भावाला मारतो, पुरावा लपवतो, दुसऱ्यावर आळ घालतो, तर त्याला वेडा कशाला म्हणता? त्याला लोभी राहू द्या. आणि वेडाच दाखवायचा असेल तर खुनाचं कारण त्याच्या डोक्यातल्या खोट्या समजुतीत असू द्या. मारल्यावर तो पळत नाही, बहुधा तिथेच बसून राहतो, आणि ज्याला मारलं तो फार करून घरचाच असतो. अनोळखी माणसाला स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाने मारणं इतकं विरळ आहे की श्रीमंत देशांतली आकडेवारी एकत्र केली तेव्हा ते वर्षाला साधारण १ कोटी ४० लाख लोकांमागे एक निघालं.

माह्या जावेचा पोट्टा बावीस वर्षाचा हाये. दोन महिन्यांपासून म्हंते का शेजारची बुढी रात्री येते अन् माह्यं कायीज खाते. ताटात ईष टाकलं म्हंते, जेवत नाही, रात्रभर जागा रायते. घरचे म्हंतात भगताकडे न्या. तो त्या बुढीले मारन काय? काय करावं?
— एक ताई, ता. तेल्हारा, जि. अकोला

ताई, तुमच्या पत्रात दोन जीव धोक्यात आहेत, पोरगा आणि ती बुढी. दोघांचं वेगवेगळं सांगतो.

दोन महिने टिकलेला पक्का संशय, जेवण बंद, झोप नाही, हा मनाचा आजार आहे आणि त्यावर औषध लागू पडतं. डाकीण काळीज खाते ही समजूत आपल्याकडे जुनी. आजार येतो तेव्हा भ्रमाला शब्द आजूबाजूच्या गोष्टींतूनच मिळतात. शहरातला पोरगा मोबाइलमधून कुणी डोकं वाचतंय म्हणतो, तुमचा बुढी काळीज खाते म्हणतो. आजार तोच.

मारेल का? बहुतेक रुग्ण कुणाला हात लावत नाहीत. पण चार गोष्टी आजच बघा. त्याला आवाज हुकूम देतात का (‘तिला संपव’ असे)? तो तिच्या येण्याजाण्याच्या वेळा पाहतो, कोयता-कुऱ्हाड जवळ ठेवतो का? दारू किंवा गांजा घेतो का? आधी कुणाला मारलंय का? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर आजच दवाखाना. एकही नसेल तरी याच आठवड्यात.

घरात काय करायचं ते असं. ‘असं काही नसते, येडा झाला का’ म्हणून वाद घालू नका, तो तुम्हालाही कटात धरेल. ‘हो, बुढी डाकीणच आहे’ असंही म्हणू नका. म्हणा, ‘तुले लय भेव वाटते, झोप नाही, ते मले दिसते. झोपेसाठी डॉक्टरकडे जाऊ.’ झोपेच्या नावाने माणूस यायला तयार होतो. कुऱ्हाड, विळा, फवारणीचं औषध कुलपात, किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. जेवण सगळ्यांनी एकाच भांड्यातून, त्याच्यासमोर वाढून, आधी स्वतः खाऊन. आणि गोळी चोरून भाजीत घालू नका. ज्याला आधीच वाटतं की ताटात विष आहे, त्याला एकदा गोळीचा तुकडा दिसला की त्याचा संशय खरा ठरला, आणि पुढची कित्येक वर्षं तो औषधाला हात लावणार नाही.

कुठे न्यायचं: जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो, तिथे मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. मोठ्या अडचणीला नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. रात्री-अपरात्री काय करावं कळेना झालं तर १४४१६ वर टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची फोन-सेवा, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. जाताना कागदावर लिहून न्या: कधीपासून, किती तास झोपतो, काय म्हणतो, काय नशा करतो, घराण्यात कुणाला असं झालं होतं का, आधी कुठल्या गोळ्या दिल्या. डॉक्टरला तपासायला मिळतात दहा मिनिटं, आणि पोरगा तिथे नेमका शहाण्यासारखा बोलतो.

तो येईचना तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये कलम ८९ आहे. नातेवाइकाने, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ने, अर्ज करायचा. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक दोघं स्वतंत्र तपासतात आणि जास्तीत जास्त ३० दिवस भरती करता येते. साखळीने बांधणं याच कायद्याने बंद आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ ला दर्ग्याजवळच्या झोपड्यांना आग लागली, तेव्हा बांधून ठेवलेले २८ रुग्ण पळता न आल्याने गेले.

औषध बहुधा रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिन अशापैकी. मात्रा डॉक्टर ठरवतील. चिडचिड आणि झोप काही दिवसांत सुधारते, ‘बुढी काळीज खाते’ हे जायला दोन ते सहा आठवडे लागतात. इथेच घरचे चुकतात. आठ दिवसांनी ‘फरक नाही’ म्हणून बंद करतात, किंवा दोन महिन्यांनी ‘बरा झाला’ म्हणून. पहिल्याच वेळेला बरं वाटल्यावरही साधारण वर्ष-दोन वर्षं गोळी चालू ठेवावी लागते. सुरुवातीच्या दिवसांत मान एका बाजूला वळून आखडली, जीभ जड झाली, डोळे वर गेले, तर ‘बाहेरचं’ काही नाही. काही औषधांनी तसं होतं, दवाखान्यात एका इंजेक्शनने तासाभरात उतरतं. गोळी रोज घेणं जमत नसेल तर दोन ते चार आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं, ते विचारा.

भगताकडे जाऊन अंगारा लावला, नारळ फोडला, त्यावरून घरात भांडण करू नका. पण चटके, मार, मिरचीची धुरी, उपाशी ठेवणं यातलं काही सुरू झालं की उठून या. आणि भगताने त्या बुढीचं नाव घेतलं तर तो गुन्हा आहे. राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. कुणी करणी करतं, डाकीण आहे असं ठरवून तिला त्रास देणं त्यात येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. ठाण्यात तक्रार करता येते. बुढीच्या पोरांना गुपचूप सांगून ठेवा की काही दिवस तिला एकटी शेतात पाठवू नका. पोराच्या आजाराची बातमी गावभर करायची गरज नाही.

माणूस काल बरा होता, आज एकदम बरळतो, हवेत काही पकडतो. असं एका रात्रीत वेड लागतं का?
— आशा कार्यकर्ती, ता. धानोरा, जि. गडचिरोली

सहसा नाही. एका रात्रीत ‘वेड’ लागलं म्हणजे शरीर बिघडलंय असं धरून चाला. ओळखायची खूण: स्किझोफ्रेनियात माणूस भानावर असतो, दिवस-रात्र कळते, भास बहुतेक कानाचे. शरीराच्या कारणाने झालेल्या भ्रमात वेळ-जागा कळत नाही, तास-दोन तासांत कधी बरा कधी वाईट, आणि डोळ्यांसमोर किडे-माणसं दिसतात.

तुमच्याकडे पहिलं कारण मलेरिया. ताप असो वा नसो, बोटातून थेंबभर रक्त घेऊन किटवर तपासा. फाल्सिपेरम (मलेरियाचा जीवघेणा प्रकार) डोक्यात गेला तर प्रश्न तासांचा असतो. मग बाहुल्या बघा. मोठ्या, तोंड कोरडं, अंग गरम आणि लाल, लघवी अडलेली: धोतऱ्याच्या बिया. टाचणीएवढ्या बारीक, लाळ, घाम: फवारणीचं औषध. रोज मोहाची घेणारा दोन ते चार दिवस थांबला आणि हात थरथरतात, घाम, किडे दिसतात: दारू तुटल्याचा झटका, यात मृत्यू होतो, घरी झोपवून ठेवायचा नाही. तिथे ग्लुकोजच्या आधी थायमिनचं (ब-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन द्यावं लागतं, म्हणून ‘रोज पितो’ हे डॉक्टरला आधी सांगा. शुगरच्या गोळ्या घेणारा असेल तर साखर तपासा. कुत्रं चावल्याचं विचारा. कांदा, चप्पल हुंगवत बसू नका, ओकारी काढू नका, कुशीवर झोपवा, १०८ बोलवा.

आमच्या गावात एक अनोळखी माणूस फिरतो. केस वाढलेले, बोलत नाही. कोंबडीच्या दुकानामागचं टाकलेलं कच्चं मांस खाताना पोरांनी व्हिडिओ काढला. आता आजूबाजूच्या गावांत ‘नरभक्षक’ म्हणून फिरतोय. लोक काठ्या घेऊन निघायच्या बेतात आहेत.
— पोलीस पाटील, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

आधी गर्दी. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं चोरणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली आणि भिक्षा मागणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. व्हिडिओ काढणाऱ्या पोरांना बोलवा, त्यांच्याच मोबाइलवरून त्याच ग्रुपांवर लिहायला लावा की माणूस आजारी आहे, पोलिसांना कळवलंय. तुमच्या बोलण्यापेक्षा ज्याने पसरवलं त्याचा खुलासा लवकर पोचतो.

कच्चं मांस भुकेपोटी खाल्लं जातं. महिनोन्‌महिने फिरणाऱ्या, उपाशी, भान हरपलेल्या माणसाला कच्चं-शिजलेलं, ताजं-सडकं हा फरक राहत नाही. उकिरड्यावर वरण-भात सापडला असता तर त्याने तो खाल्ला असता.

त्याच्याजवळ दोघांनी जा, तिसरा नको. काठी, दोर, मोबाइल नको. चार-पाच हातांवर बसा, उभं राहून वरून बोलू नका. पाण्याची बाटली सील न फोडता द्या, बिस्किटाचा पुडा बंद द्या. ज्याला विषाचा संशय असतो तो उघडलेलं घेत नाही. मराठीत उत्तर नाही आलं तर हिंदी, तेलुगू, बंगाली बोलणारं कुणी आणून बघा. रेल्वेने कुठून कुठे भरकटलेले असे बरेच जण असतात. डोक्यात जखम, किडे, ताप आहे का नजरेने तपासा.

ठाण्याला लेखी कळवा आणि मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० लिहा. अशा माणसाला संरक्षणात घेणं हे ठाणेदाराचं काम आहे, मेहेरबानी नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, आणि बेवारस असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. बरा झाल्यावर गाव आठवतं, असं पुष्कळदा होतं. कर्जतचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र नेमकं हेच करतं, रस्त्यावरचे रुग्ण बरे करून घरी पोचवतं. त्या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे मिळाला.

पण नरभक्षण अगदीच खोटं म्हणायचं का? मुलं विचारतात. आमच्याकडे नरभक्षक म्हटलं की वाघच आठवतो.
— शिक्षक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

खोटं नाही, पण त्याचं वेडाशी नातं फार थोडं. मुलांना तीन उदाहरणं सांगा.

पहिलं उपासमारीचं. १३ ऑक्टोबर १९७२ ला उरुग्वेचं एक विमान ४५ माणसांसह अँडीज पर्वतात पडलं. बर्फाखेरीज काही नव्हतं. जे वाचले त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं, तेही आपसांत बोलून, देवाची प्रार्थना करून. ७२ दिवसांनी १६ जण जिवंत सुटले. त्यातला कुणी वेडा नव्हता, आणि परत आल्यावर त्यांनी जगणं नेटाने उभं केलं. याच्या उलट १८८४ मधली मिन्योनेट नावाची बोट. ती बुडाल्यावर छोट्या नावेतल्या खलाशांनी सतरा वर्षांच्या आजारी पोराला मारून खाल्लं. इंग्लंडच्या न्यायालयाने सांगितलं, भूक हे खुनाचं समर्थन नव्हे. फाशी सुनावली गेली, नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात.

दुसरं मायेचं. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातल्या फोरे लोकांत मेलेल्या नातेवाइकाला मातीत किड्यांना देण्यापेक्षा आपल्यात सामावून घ्यावं अशी रीत होती. मेंदू बहुतेक बायका आणि मुलांच्या वाट्याला येई. मग त्यांच्यातच एक रोग दिसू लागला, कुरू: आधी चालताना तोल जातो, मग अंग थरथरतं, कारण नसताना हसू फुटतं, शेवटी गिळता येत नाही, वर्षभराच्या आत मृत्यू. फोरेंना वाटे ही करणी आहे; करणी करणाऱ्याला शोधून मारतही. डॅनियल गायडुसेक यांनी कुरूग्रस्तांचा मेंदू चिंपांझींत टोचून रोग संसर्गजन्य असल्याचं १९६६ मध्ये दाखवलं, त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं. पुढे कळलं की कारण जंतू-विषाणू नसून चुकीच्या घडीचं एक प्रथिन आहे, प्रायॉन. ते साध्या शिजवण्याने मरत नाही, आणि शरीरात पन्नासहून जास्त वर्षंही दबा धरून राहू शकतं. रीत १९६० च्या आसपास बंद झाली, तरी नव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तुरळक रुग्ण येत राहिले. ज्यांनी लहानपणी खाल्लं ते म्हातारपणी गेले. माणसाचं मांस खाल्ल्याने ‘वेड लागतं’ या जुन्या समजुतीत खरा भाग असेल तर एवढाच, आणि तोही वेडाचा नाही, मेंदू भुसभुशीत करणाऱ्या रोगाचा.

तिसरा प्रकार, माणूस मारून चवीने खाणारा. तो अतिशय विरळ आणि सिनेमे सगळे त्याच्यावरच. वाघाचं म्हणाल तर तो जखमी, म्हातारा किंवा सवय लागलेला असतो. त्याच्यात ना वेड ना दुष्टावा.

अशा गुन्हेगाराला ‘वेडा’ ठरवलं की तो सुटतो का? आणि गुप्तधनासाठी नरबळी देणारे वेडेच असतात ना?
— वकिली शिकणारी वाचक, अमरावती

आधी दुसरा प्रश्न. नाहीत. अमावस्या ठरवणं, मूल हेरणं, साथीदार जमवणं, भोंदूला पैसे देणं, प्रेत लपवणं, एवढं करणारा शुद्धीवर असतो. त्याला अंधश्रद्धा आहे आणि हाव आहे, आजार नाही. १९९९ च्या ‘संघर्ष’मध्ये आशुतोष राणांनी लहान मुलांचे बळी देणारा लज्जाशंकर पांडे असा उभा केला की फिल्मफेअर मिळालं, पण त्या किंकाळ्यांमुळे प्रेक्षकांच्या मनात नरबळी आणि वेड एकच झालं. खरे आरोपी कोर्टात फार साधे दिसतात.

आता कायदा. भारतीय दंड संहितेचं कलम ८४ आता भारतीय न्याय संहितेत कलम २२ झालंय, १ जुलै २०२४ पासून. मूळ इंग्लंडच्या १८४३ च्या मॅकनॉटन प्रकरणात. आजार असणं पुरत नाही. कृत्य करताना ‘मी काय करतोय’ किंवा ‘हे चूक, बेकायदा आहे’ हे कळण्याची क्षमताच नव्हती, हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवायचं आरोपीने. गुजरातच्या दह्याभाई ठक्कर खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, महत्त्वाचा क्षण कृत्याचा. त्याआधीचं आणि नंतरचं वागणं त्यावर प्रकाश टाकतं. हत्यार धुतलं, रक्ताचे कपडे जाळले, खोटी तक्रार दिली, की हा बचाव पडला. आणि सुटका म्हणजे घरी जाणं नव्हे, सुरक्षित ताब्यात किंवा मनोरुग्णालयात जाणं.

मुंबईचा रामन राघव घ्या. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सापडला, फुटपाथ-झोपड्यांतल्या अनेक खुनांची कबुली दिली. सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने तपासलं तेव्हा जुना स्किझोफ्रेनिया निघाला. १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये तो पुण्यात ससूनमध्ये वारला. याउलट कोल्हापुरात २०१७ साली आईला मारून तिचे अवयव काढणाऱ्या मुलाला २०२१ मध्ये फाशी झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती कायम करताना नरभक्षणाचा स्पष्ट उल्लेख केला. नरभक्षण असं वेगळं कलम मात्र आपल्याकडे नाही. खून, पुरावा नष्ट करणं (कलम २३८) आणि प्रेताची विटंबना (कलम ३०१) यांतूनच खटला उभा राहतो.

परीक्षेसाठी एवढं लक्षात ठेवा: निठारीच्या २००६ च्या प्रकरणात नरभक्षणाच्या बातम्यांनी देश हादरला होता, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासातल्या त्रुटींवर बोट ठेवून आपल्यासमोरच्या खटल्यांत आरोपींना निर्दोष ठरवलं.

गांजा ओढून माणूस माणसाला चावतो, खातो, असा व्हिडिओ पाहिला. खरं का?
— ता. मेहकर, जि. बुलढाणा

२०१२ मध्ये अमेरिकेत मायामीला एकाने दुसऱ्याचा चेहरा चावून काढला. ‘नव्या नशेने झोंबी केलं’ म्हणून जगभर बोंब झाली. तपासणीत त्याच्या शरीरात गांजाखेरीज काही सापडलं नाही. गांजाने माणूस नरभक्षक होत नाही. पण पंधरा-सोळाव्या वर्षापासून रोज ओढणाऱ्याला, विशेषतः घराण्यात आजार असेल तर, संशय आणि भासाचा आजार होण्याची शक्यता वाढते. ती भीती खरी आहे.

मुलगा ११ वर्षांचा. रात्री मोबाइलवर असले सिनेमे बघतो. बिघडेल का?
— ता. पुसद, जि. यवतमाळ

खुनी होणार नाही. झोप बिघडेल. २०२४ पासून प्रमाणपत्रावर यूए ७, १३, १६ असे वयाचे टप्पे लिहिलेले असतात. ११ वर्षांच्याला १३ आणि १६ चे सिनेमे एकट्याने नकोत. मोबाइल रात्री नऊला स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, तुमचाही. पाहिलेला सिनेमा त्याला दिवसाउजेडी सांगायला लावा, कुठे भीती वाटली ते विचारा. एकटा झोपायला घाबरणं, दचकून उठणं, अंथरूण ओलं होणं तीन-चार आठवडे चाललं, किंवा तो जनावरांना मुद्दाम इजा करताना दिसला, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. जनावरांना इजा करण्याचा सिनेमाशी संबंध नसतो, तो वेगळा आणि जास्त निकडीचा विषय आहे.